कर्मचाऱ्यांचे इंग्रजी प्रशिक्षण: आखणी कामावरून करावी

कर्मचाऱ्यांसाठी इंग्रजीचे प्रशिक्षण आखताना पहिली बैठक प्रशिक्षकाशी नव्हे, तर शिकणाऱ्यांशी आणि त्यांच्या विभागप्रमुखांशी घ्यावी. कोणाला ग्राहकांच्या ईमेलना उत्तरे द्यावी लागतात, कोणाला यंत्राची माहितीपुस्तिका वाचावी लागते, तर कोणाला परदेशी सहकाऱ्यांसमोर कामाची प्रगती सांगावी लागते. या कामांची नोंद करून, गोपनीय तपशील वगळून, प्रत्यक्ष ईमेल आणि अहवालांचे नमुने जमवले की अभ्यासक्रमाचा पाया तयार होतो.

त्यानंतर प्रत्येकाची पातळी तपासावी. त्यासाठी युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली, ए१ (अगदी प्राथमिक) ते सी२ (सर्वात प्रगत) अशा भाषाक्षमतेच्या सहा स्तरांची चौकट उपयोगी पडते. ए२ या दुसऱ्या स्तरावरून बी१ हा तिसरा स्तर गाठण्यासाठी साधारणपणे दोनशे तासांचे मार्गदर्शन लागते, असे मानले जाते. म्हणजे आठवड्याला दीड तासाचे दोन वर्ग घेतले तरी वर्षाहून अधिक काळ लागतो. तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजीचे आश्वासन देणाऱ्या संस्थेपासून म्हणूनच दूर राहावे. वर्ग कामाच्या वेळेतच ठेवावेत. दिवसभर राबलेल्या माणसाला सुट्टीनंतर थांबवून घेणे अन्यायाचे आहे आणि त्यातून शिकणेही फारसे होत नाही.

वर्गात सर्वाधिक वेळ बोलण्याच्या सरावाला द्यावा. फोनवर ग्राहकाने सांगितलेली तारीख नीट ऐकू आली नाही, तरी संकोचापोटी ‘येस, येस’ म्हणून फोन ठेवला जातो आणि माल चुकीच्या दिवशी रवाना होतो. अशा वेळी ‘सॉरी, कुड यू रिपीट द डेट, प्लीज?’ हे एक वाक्य सहज तोंडी येणे, काळांचे सगळे नियम पाठ असण्यापेक्षा मोलाचे ठरते. दोघांना पाठमोरे बसवून हाच संवाद करून घ्यावा, कारण फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नसतो. व्याकरण जरूर शिकवावे, मात्र ते शिकणाऱ्यांच्याच लेखनात अडलेल्या जागांवरून शिकवावे.

चुका सर्वांसमोर दाखवू नयेत, आणि वरिष्ठांनीही बैठकीत कोणाचे वाक्य मध्येच तोडून दुरुस्त करू नये. एकदा ओशाळलेला माणूस पुढे बोलायचे टाळतो.

प्रगती मोजण्यासाठी वेगळ्या परीक्षेची घाई नको. दर तिमाहीला त्याच प्रकारचा ईमेल पुन्हा लिहून घ्यावा, आधीच्या ईमेलशेजारी ठेवून शिकणाऱ्यासोबत वाचावा आणि पुढच्या तिमाहीचे विषय त्यावरून ठरवावेत.