डोंगल सीडी बनून बसलं तर: लिनक्सवर यूएसबी मोडेम चालू करायची पद्धत

गणपतीत गावी गेलो, देवगड तालुक्यात, चहा हातात यायच्या आधीच मामेभावानं लॅपटॉप पुढ्यात आणून ठेवला. "दादा, ह्यां डोंगल मेलां वाटता." पावसात कुठेतरी फायबर तुटलेली, तीन दिवस नेट नाय, म्हणून कपाटातलं जुनं हुआवेचं डोंगल (सिम घालून नेट देणारा यूएसबी मोडेम) काढलेलं आणि लॅपटॉपवर आहे लिनक्स मिंट. दुकानात दाखवलं तर म्हणे विंडोज टाकून घ्या. काही गरज नाय.

झालंय काय, तर ह्या डोंगलच्या पोटात विंडोजवाल्यांसाठी इन्स्टॉलर ठेवलेला असतो. त्यामुळे यूएसबीला लावलं की ते आधी "मी सीडी ड्राइव्ह" म्हणून सांगतं, मग विंडोजमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर त्याला एक ठरावीक मेसेज पाठवतं आणि तेव्हा कुठे ते मोडेम होतं. लिनक्सवर तो मेसेज कोणी पाठवलाच नाय तर ते सीडीच राहतं, दशावतारात रंगपटातून बाहेरच न आलेल्या नटासारखं.

म्हणून पहिल्यांदा टर्मिनल, म्हणजे कमांड लिहायची खिडकी, उघडा आणि एलएसयूएसबी टाईप करा (सगळी कमांड इंग्रजी स्मॉल अक्षरांत), यूएसबीला काय काय जोडलंय त्याची यादी येते. त्यात हुआवेच्या ओळीतला आयडी १२डी१ ने सुरू होतो, झेडटीई कंपनीचा १९डी२ ने. आयडीतल्या कोलनच्या आधीचे चार म्हणजे कंपनी, नंतरचे चार म्हणजे सध्याचं सोंग. आमच्याकडे १२डी१:१४४६ दिसत होतं, म्हणजे सीडी. डोंगल जिवंत आहे हे इथेच कळलं.

आता यूएसबी-मोडस्विच आणि यूएसबी-मोडस्विच-डेटा ही दोन पॅकेजेस हवीत. डेटावालं विसरू नका, कुठल्या मॉडेलला कुठला मेसेज पाठवायचा ती यादी त्यातच असते. आता नेट नसताना पॅकेज उतरवायचं कसं? मोबाईल केबलनं जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे मोबाईलचं नेट लॅपटॉपला मिळतं, लिनक्स त्याला सहसा लगेच ओळखतं, एवढ्यापुरती सड्यावर जाऊन रेंज पकडा हवी तर. इन्स्टॉल झालं की डोंगल काढून परत लावा, दहा-पंधरा सेकंद थांबा, परत एलएसयूएसबी. आमचं १४४६ चं १४३६ झालं. नंबर बदलला म्हणजे अर्धं काम झालं. नाहीच बदलला तर फाइल मॅनेजरमध्ये दिसणारी ती सीडी इजेक्ट करून बघा, काही मॉडेल तेवढ्यानंही वळतात.

पुढे मोडेम-मॅनेजर, म्हणजे लिनक्समधला मोडेम सांभाळणारा प्रोग्रॅम. एमएमसीएलआय डॅश कॅपिटल एल टाकलं की मोडेमचा नंबर येतो, मग डॅश स्मॉल एम आणि तो नंबर दिला की सिम, सिग्नल, नेटवर्क सगळं दिसतं. त्यानंतर नेटवर्क सेटिंगमध्ये मोबाईल ब्रॉडबँड कनेक्शन बनवून एपीएन, म्हणजे सिम कंपनीच्या नेटचं नाव, टाकायचा, बीएसएनएलला बीएसएनएलनेट, जिओला जिओनेट.

आणि इथे बरेच जण फसतात, सगळं बरोबर करूनही नेट येत नाय आणि शिव्या लिनक्सला. अहो, डोंगल ३जी असेल तर जिओचं सिम त्यात चालणारच नाय, जिओनं ३जी कधी दिलंच नाय, सुरुवातच ४जीपासून केली. एअरटेलनं तर ३जी बंद करून टाकलंय, ते सिम घातलंत तर २जीवर सरपटत बसाल. आधी डोंगल किती जी ते बघा, मग सिम. सिम-लॉक असेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम ते घेणारच नाय, तो वेगळा वैताग.

हुआवेच्याच डोंगलांतला एक प्रकार मात्र निराळा, हायलिंक. हा स्वतःच छोटा राउटर असतो, लिनक्सला तो वायरवाल्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, तिथे मोबाईल ब्रॉडबँड शोधत बसू नका, ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडा आणि एपीएन तिथेच भरा.

आता रेंज. घर खाली वाडीत असलं की डोंगल लॅपटॉपला चिकटवून काही होत नाय, एक्स्टेंशन केबल लावून उंचावर न्यावं लागतं. पण केबल दीड-दोन मीटरचीच घ्या. सिग्नल कमजोर असला की डोंगल जास्त जोर लावतं, जास्त करंट ओढतं, यूएसबी २ चा पोर्ट देतो ५०० मिलीअँपियर, लांब स्वस्त केबलीत व्होल्टेज पडतं आणि डोंगल मधेच गायब होतं. डीएमईएसजी कमांडमध्ये (सिस्टिमची नोंदवही) सारखं डिसकनेक्ट दिसलं तर बहुतेक हेच, अ‍ॅडॉप्टरवाला यूएसबी हब लावा. आणि खाऱ्या हवेनं पिना हिरव्या पडल्या असतील तर खोडरबरानं हलकेच घासा, आमचं अर्धं दुखणं तेच होतं.

मामेभावाचं डोंगल आता पडवीच्या वाशाला लटकतंय, प्लास्टिकच्या पिशवीत, कारण तिथलं एक कौल गळतं.