होम थिएटरचे मागचे स्पीकर नीट वाजतायत का, असं तपासा

मी कोल्हापुरात घरोघरी होम थिएटर बसवून देतो. जोडणी झाली रे झाली की लोक मारामारीचा सिनेमा लावतात. त्या गदारोळात डावं-उजवं उलटलंय की मागचा एक मुका आहे, काही कळत नाही. सिनेमा नंतर. आधी रोजच्या जागेवर बसा आणि रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडलेत त्या डब्याच्या, स्पीकर सेटिंगमधून टेस्ट टोन लावा.

खरखर आवाज एकेका स्पीकरमधून फिरेल. स्क्रीनवर नाव एकाचं आणि आवाज दुसरीकडून, तर वायरींची अदलाबदल झालीय. एखादा गप्प असेल तर रिसीव्हर बंद करून त्याची वायर चालू चॅनेलला, म्हणजे वाजणाऱ्या स्पीकरच्या जागी, लावा. तिथं वाजला तर स्पीकर आणि वायर ठीक, दोष सेटिंगमध्ये किंवा रिसीव्हरमध्ये.

स्पीकरच्या वायरीची लाल-काळी टोकं उलटी लागली असतील तर मात्र हा टोन ते सांगत नाही. स्पीकर वाजतोच, पण जोडीदार पुढं ढकलतो तेव्हा हा मागं ओढतो आणि बास पातळ होतो. हे तपासल्याशिवाय मी कुणाच्या घरातून निघत नाही. रिसीव्हरचा प्लग काढा, त्या स्पीकरची वायर रिसीव्हरकडून सोडवा. दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलच्या अधिक टोकाला लाल, उण्याला काळी, क्षणभर टेकवा. दुसऱ्यानं जाळी काढून टॉर्चच्या उजेडात स्पीकरचा कोन, म्हणजे आत-बाहेर हलणारा पडदा, बघायचा. टक् करून बाहेर आला तर बरोबर, आत गेला तर कुठंतरी उलटलंय. रिसीव्हरकडचं टोक धरल्यामुळं भिंतीतून गेलेली अख्खी वायर तपासून होते. स्वतःची पॉवर असलेल्या सबवूफरला (फक्त बासच्या स्पीकरला) सेल लावायचा नाही.

मग पातळी. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांत बैठकीची खोली अरुंद, सोफा भिंतीला टेकलेला, त्यामुळं मागचा स्पीकर कानात ओरडतो. तो बाजूच्या भिंतीवर, कानाच्या जरा मागं, समोरून साधारण 110 अंशांवर घ्या. फोनवर डेसिबल मोजायचं ॲप 'सी' (आवाज तोलायची पद्धत) आणि 'स्लो'वर (आकडा सावकाश बदलतो) ठेवा, टेस्ट टोन लावून फोन कानाच्या उंचीला धरा आणि प्रत्येक स्पीकर 75 डेसिबलवर आणा. फोनचा आकडा थोडा चुकीचा असला तरी चालतं, सगळ्यांना माप एकच लागतं. सबवूफर मात्र कानानं जुळवा, फोनचा माईक खालचे सूर नीट पकडत नाही. पत्र्याचं घर असेल तर जुलैच्या पावसात हे करूच नका.

बसायच्या जागेपासून प्रत्येक स्पीकरची अंतरं टेपनं मोजून रिसीव्हरमध्ये भरा. आवाजाला एक फूट जायला जवळपास एक मिलिसेकंद लागतो, आणि रिसीव्हर त्या हिशोबानं जवळच्या स्पीकरला थांबवून धरतो.

आता टीव्हीचं सेटिंग. टीव्हीतून रिसीव्हरकडे जाणाऱ्या ऑप्टिकल वायरीवर 'पीसीएम' ठेवलं तर डावं-उजवं असे दोनच चॅनेल जातात, ते 'बिटस्ट्रीम' करा. 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आवाज असलेला सिनेमा लावा आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर 'डॉल्बी डिजिटल' आलं का बघा. 'प्रो लॉजिक' दिसलं तर स्पीकर सगळे वाजतील, पण तो दोन चॅनेलचाच आवाज वाटून दिलेला असेल.