फिफ्टीन की फिफ्टी? गोंगाटातलं इंग्रजी ऐकताना

पोरांनो, कॅडेट म्हणून पहिल्यांदा जहाजावर चढाल तेव्हा इंग्रजीच्या मार्कांवर विसंबू नका. मीही रत्नागिरीहून चांगले मार्क घेऊनच निघालो होतो. पहिल्याच मूरिंगला, म्हणजे जहाज धक्क्याला बांधताना, जहाजाच्या मागच्या टोकाला होतो. दोर ओढणारं विंच घरघरतेय, कानात वारा. सेकंड ऑफिसर ओरडला, धक्का ‘फिफ्टीन मीटर्स’. मी वॉकीटॉकीवर ब्रिजला, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीला कळवलं, ‘फिफ्टी’. कॅप्टनने ब्रिजच्या बाजूच्या सज्जावरून, विंगवरून, वाकून स्वतः पाहिलं म्हणून निभावलं.

गोंगाटात गोऱ्यांचाही कान फसतो. मिलर आणि नायसली या संशोधकांनी 1955 साली अमेरिकन श्रोत्यांना 16 इंग्रजी व्यंजनं गोंगाटात ऐकवली. प, ट, क यांची आपसात सरमिसळ लवकर झाली. म-न मात्र बाकीच्यांपासून बरेच वेगळे कळत राहिले. फरक पुढे पडतो. अर्धा शब्द बुडाला तरी जन्मापासून इंग्रजी बोलणारा वाक्याच्या ओघावरून तो भरून काढतो. आपला तो साठा तोकडा. म्हणून ऐकण्याआधीच पर्याय कमी करायचे.

आकडा एकेक अंकाने सांगा: ‘वन फाइव्ह’. आयएमओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या, 2001 च्या ठरावीक वाक्प्रयोगांत हेच आहे. तिथे थ्रीला ‘ट्री’, फाइव्हला ‘फाइफ’, नाइनला ‘नायनर’ म्हणतात. हसू नका, ‘ट्री’ तर आपल्या जिभेला सोपंच. सुकाणूच्या हुकमात मात्र ‘फिफ्टीन’ असंच म्हणायचं. तिथे चालतं, कारण सुकाणू साधारण 35 अंशांपर्यंतच वळतं, फिफ्टीचा प्रश्नच येत नाही.

‘टीन’वर जोर ऐका, असं कुणी शिकवेल. एकटा शब्द असेल तर ठीक. पण पुढे ‘मीटर्स’ आलं की इंग्रज स्वतःच जोर ‘फिफ’वर सरकवतो! मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे फारसा लक्षही देत नाही.

ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणा. नुसतं ‘येस सर’ म्हणजे काय ऐकलं ते कुणालाच कळत नाही. शंका असेल तर ‘से अगेन’. मी तर अंक सुटे करूनच विचारतो: ‘वन फाइव्ह ऑर फाइव्ह झीरो?’ लाज वाटते दोन दिवस, मग सवय होते.

जहाजावरचा व्हीएचएफ रेडिओ साधारण 3000 हर्ट्झच्या वरचा आवाज कापतो. स आणि फ वेगळे कळायला लागणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो. अक्षरं सांगताना म्हणून एसला ‘सिएरा’, एफला ‘फॉक्सट्रॉट’. पीला ‘पापा’ तर हवाच: इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा प हवेचा झोत घेऊन येतो, आपला कोरडा प त्यांना ब वाटू शकतो. ‘पोर्ट’ म्हणताना ओठ मिटून फळातल्या फ-कडे थोडं झुका.

डेकवर समोरासमोर असाल तर बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघा. प की ट की क, हे गोंगाट गिळतो, पण ओठ मिटले की नाही ते दिसतं. वॉकीटॉकीवर ही सोय नाही, म्हणून सराव पाठमोराच करा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावा, भावाला पाठीमागून ‘थर्टीन, थर्टी, फोर्टीन, फोर्टी’ उलटसुलट वाचायला लावा आणि ऐकलेलं कागदावर लिहा. मी लिहिलेल्या पहिल्या वीस आकड्यांत सात चुकले होते. आई म्हणाली, आधी फॅन बंद कर, भाजी करपतेय.