जुनी मोटरबोट घेतलीय? होळीच्या आधी पाण्यात उतरवायची तर हे बघून घ्या

डिसेंबरात मी एक १६ फुटी फायबरची बोट घेतली, मागे ४० एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लटकवलेलं इंजिन), आणि घेताना खरं सांगायचं तर एकच गोष्ट बघितली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मग काय, पैसे देऊन मोकळा. दुसऱ्या दिवशी दिवाळे कोळीवाड्यातल्या ओळखीच्या नाखवांना फोटो दाखवले तर त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला की तू जायच्या आधी इंजिन गरम होतं का रे? हात लावून बघितलंच नव्हतं मी. विकणारा आधी दहा मिनिटं चालवून ठेवतो, गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं.

तर अजून घेतली नसेल तर थंड इंजिनावरच ट्रायल मागा, आणि माझ्यासारखी घेऊनच बसला असाल तर पुढचं वाचा. होळीच्या आधी अशासाठी की आपल्याकडे हिशोब छोटा आहे, १ जूनला मासेमारी बंद, पाऊस, समुद्र खवळलेला, म्हणजे मार्च ते मे एवढाच काय तो वेळ हातात, फ्लेमिंगोपण साधारण तोपर्यंतच असतात आपल्या ठाण्याच्या खाडीत. मार्चमध्ये बोट उघडून बसलात तर सीझन मेकॅनिकच्या दारात जाणार.

कागद एका वाक्यात उरकतो. रजिस्ट्रेशन तुमच्या नावावर चढवा, इंजिनावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः डोळ्यांनी जुळवा, आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या ऑफिसात काय लागतं ते जाऊन विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी सांगितलं त्यावर जाऊ नका.

आधी बोट, मग इंजिन

बोट दोन लाकडी ओंडक्यांवर चढवा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या, निदान दोन दिवस. आता स्क्रू ड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घेऊन तळ ठोकत जा, वीतभर वीतभर अंतराने. टणटण आवाज आला तर फायबर घट्ट आहे, मध्येच भद्द असा आवाज आला तर आतले थर सुटलेत किंवा पाणी शिरलंय, तिथे खडूने गोल करून ठेवा. तळावर बारीक फोड दिसले तर एखादा फोडून बघा, आतून आंबूस वासाचं पाणी आलं तर ते आतल्या फायबरपर्यंत मुरलंय. दोन-चार फोड असतील तर घासून भरता येतात, तळभर असतील तर मोठं काम आहे. नवीन रंग मारलेली बोट दिसली की मला आता संशयच येतो.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे मागची फळी, जिच्यावर इंजिन लटकतं, ट्रान्सम म्हणतात तिला. बाहेरून फायबर दिसतं पण बऱ्याच बोटींत आत प्लायवूड असतं आणि बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं पाणी मुरून ते कुजतं. इंजिन थोडं वर उचला आणि खालचा पाय धरून वर-खाली जोर द्या, दुसऱ्या माणसाला फळीकडे बघायला सांगा. फळी हलली, कोपऱ्यात चीर दिसली किंवा बोल्टखालून पाणी पाझरलं तर तिथेच थांबा. बाकीचं काहीही दुरुस्त करण्यात अर्थ नाही आधी ती फळी. चाळीसचं इंजिन ७०-८० किलोच्या आसपास भरतं, ते खाडीच्या मधोमध सुटलं तर काय होईल ते मी सांगायला नको.

आणि बूच. हो, तळाचं पाणी काढायचं बूच. हसू नका, बोट उतरवताना बूच विसरणारे लोक दरवर्षी असतात. रबर कडक झालं असेल तर नवीन घ्या, एक जादाचं किल्लीच्या जुडग्यालाच बांधून टाका.

गिअर ऑइल खोटं बोलत नाही

इंजिनाच्या खालच्या पायात, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) लगेच पुढच्या भागात गिअर असतात आणि त्यांचं ऑइल वेगळं असतं. तिथे दोन स्क्रू असतात, एक खाली एक वर. इंजिन उभं ठेवून, खाली डबा धरून आधी खालचा उघडा. सगळ्यात आधी काय बाहेर येतं तेच बघायचंय, कारण बोट उभी असली की पाणी तळाला बसतं. पाणी आलं किंवा ऑइल दुधी चहासारखं दिसलं तर सील, म्हणजे पाणी आत येऊ न देणारं रबर, गेलंय, असं ओळखायचं. नुसतं काळं असेल तर जुनं झालंय, काळजी नाही. स्क्रूच्या लोहचुंबकावर करड्या चिखलासारखी बारीक पेस्ट चालते, चकाकणारे तुकडे मिळाले तर गिअर खाल्लेत.

मग वरचा स्क्रू काढून सगळं गळू द्या. भरताना उलटं, म्हणजे ऑइल खालच्या भोकातून पंपाने वर ढकलायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, नाहीतर आत हवा अडकते. आधी वरचा स्क्रू लावा, मग पटकन खालचा. दोन्ही वॉशर नवीन टाका, जुने वॉशर परत लावण्यात वाचवलेले दहा-वीस रुपये फार महाग पडतात.

सील कशाने जातं? आपल्या खाडीत बहुतेक वेळा तंगुसाने, म्हणजे मासेमारीच्या नायलॉनच्या दोऱ्याने. पंखा काढा, शाफ्टवर तंगूस गुंडाळलेला असतोच असतो, तापून वितळून आत घुसतो आणि सील कापतो. माझ्या पंख्यामागून मूठभर निघाला, त्यात एक गळपण होता. कटरने कापून काढा, शाफ्टला मरीन ग्रीस लावा, आणि नटाची पिन दरवेळी नवीनच टाका.

चिखल आणि इम्पेलर

हा मुद्दा ठाणे-नवी मुंबईवाल्यांनी दोनदा वाचा. आउटबोर्ड बाहेरचं पाणी ओढून स्वतःला थंड करतं, ते ओढायला आत रबराची पाती असलेला इम्पेलर असतो. स्वच्छ पाण्यात तो वर्ष-दोन वर्षं टिकतो, पण आपल्या खाडीत ओहोटीला तळाचा गाळ ढवळला जातो आणि तो पाण्याबरोबर आत जातो, वाळूकागद फिरल्यासारखं काम होतं. इंजिनाच्या मागून पाण्याची जी बारीक धार पडते ती म्हणजे इम्पेलरची नाडी. धार कमी पडली, गरम वाफ आली की इंजिन बंद करायचं, पुढे नाही जायचं. मात्र नुसत्या धारेवर विसंबून पण राहू नका, धारेच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं असलं तरी धार बंद होते, तारेने साफ करून बघा.

जुन्या बोटीचा इम्पेलर न विचारता बदला, विकणारा कितीही म्हणो आत्ताच टाकलाय. खालचा पाय चार-पाच बोल्टवर असतो, पण बऱ्याच मॉडेलमध्ये आधी गिअरची कांडी सोडावी लागते, ती न सोडता ओढाताण केलीत तर वाकते, त्यामुळे पहिल्यांदा मेकॅनिकला समोर बसवून करा. जुन्या इम्पेलरची पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं असेल तर तुकडा वर पाण्याच्या वाटेत जाऊन बसलाय, तो शोधून काढल्याशिवाय नवीन टाकून उपयोग नाही.

सुकं इंजिन कधीही चालवायचं नाही, अर्धा मिनिटसुद्धा. घरी टेस्ट करायची तर दोन्ही बाजूंच्या पाणी ओढायच्या जाळीवर रबरी कप लावून त्याला बागेचा पाइप जोडा, आधी नळ सुरू मग इंजिन, बंद करताना आधी इंजिन मग नळ. कप नसतील तर मोठा ड्रम चालतो, जाळी पूर्ण बुडेल एवढं पाणी पाहिजे. आमच्या सोसायटीत हा प्रयोग मी रविवारी सकाळी आठला केला, सेक्रेटरी काका अजून बोलत नाहीत माझ्याशी, तेव्हा वेळ बघून करा.

पेट्रोल

टाकीतलं जुनं पेट्रोल ओतून टाका, म्हणजे गटारात नाही, मेकॅनिकला द्या. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, खाडीकाठी तर विचारूच नका. महिना-दोन महिने पडून राहिलं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला वेगळा थर बसतो, नळी नेमकी तळातूनच ओढते, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं, त्या थराबरोबर ते जात नाही म्हणजे पिस्टन कोरडा चालतो. काचेच्या बरणीत थोडं काढून उजेडात धरा, दोन थर दिसले की समजा. नळ्या वाकवून बघा, चिरा असतील तर बदला, हाताने दाबायच्या फुग्यावरचा बाण इंजिनाकडे पाहिजे आणि दोन-चार दाबांत तो कडक झाला पाहिजे. कडक होत नसेल तर कुठेतरी हवा ओढतोय.

ऑइल मरीनचंच, डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ लिहिलेलं. स्कूटरचं टू-टी चालतं असं सांगणारे भेटतील, त्यांना हो म्हणा आणि मरीनचंच घ्या. प्रमाण इंजिनावर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं, बऱ्याच इंजिनांना ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली.

स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, लावून घ्या. आकडा किती यापेक्षा सगळ्या सिलिंडरचा सारखा आहे का हे बघायचं, एखादा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर आता खर्च कुठे होणार ते कळलं.

वायरी, बॅटरी, जस्त

बॅटरी रात्रभर सोडून सकाळी मीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. तळातलं पाणी फेकणारा पंप खोटंखोटं नाही, खरंच बादलीभर पाणी ओतून चालवून बघा, तरंगता स्विच आपोआप उठतो का तेही. आणि सुरू करायच्या आधी तळात वाकून वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते, एक ठिणगी पुरते.

इंजिनाच्या पायाला लावलेले जस्ताचे तुकडे निम्मे झिजलेत का बघा, निम्मे म्हणजे बदला. ते झिजतात म्हणून इंजिनाचं अ‍ॅल्युमिनियम वाचतं. त्यांच्यावर रंग मारू नका, रंग मारला की ते मेले. मॅग्नेशियमचे घेऊ नका, ते गोड्या पाण्यासाठी.

पहिली ट्रायल

किल स्विचची दोरी (तुम्ही पडलात तर इंजिन बंद करणारी) मनगटाला, माणशी एक लाइफ जॅकेट अंगात, सीटखाली नाही. नांगर आणि पुरेसा दोर, दोन वल्ही, फोन प्लास्टिकच्या पिशवीत आणि त्यात तटरक्षक दलाचा १५५४ सेव्ह केलेला. गर्दीच्या बाजूला ट्रायल नाही. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात नीलकमल फेरीबोटीवर जी नौदलाची बोट आदळली ती इंजिनाच्या चाचणीवरच होती, नौदलाचं प्रशिक्षित माणूसबळ असताना. आपण कोण?

भरतीची वेळ कोळी लोकांच्या पद्धतीने काढायची तर तिथीची पाऊणपट. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, वर ठाण्याच्या बाजूला थोडी उशिरा. भरती पूर्ण व्हायच्या दोन तास आधी निघा, म्हणजे काही बिघडलं तरी पाणी अजून चढतंच असतं. ओहोटीला निघालात आणि ऐरोलीच्या पुढे चिखलावर बसलात तर पुढची भरती येईपर्यंत बसा, खाली उतरून ढकलायचा विचारसुद्धा नको, मांडीपर्यंत रुतता. मी साडेचार तास बसलो होतो, पाण्याच्या एकाच बाटलीवर.

पहिली दहा मिनिटं अर्ध्या रेसवर, किनाऱ्याला धरून, एक डोळा धारेवर. परत आलं की गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं फ्लश, ट्रान्समचे बोल्ट पुन्हा आवळा, आणि रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी गिअर ऑइलचा खालचा स्क्रू एक आटा सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. माझे दोन थेंब पहिल्या वेळी दुधी निघाले.