व्यापारी दाव्याआधी मेल, व्हॉट्सअ‍ॅप आणि हिशेब कसे जपावेत

थकलेल्या बिलाचा वाद ३ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रकमेचा असला, की तो व्यावसायिक न्यायालयात जातो. तिथे 'कागद पुढे बघू' चालत नाही. २०१५च्या व्यावसायिक न्यायालये कायद्याने दिवाणी प्रक्रिया संहितेचा, म्हणजे दिवाणी दावे चालवायच्या कायद्याचा, आदेश ११ बदलला. वादीने ताब्यातले सगळे संबंधित दस्त दाव्याबरोबर द्यायचे, प्रतिवादीने कैफियतीबरोबर, म्हणजे लेखी उत्तराबरोबर, आणि त्यात आपल्याच अंगाशी येणारे दस्तही आले. कैफियतीला ३० दिवस, फार तर १२०. एवढ्यात पाच वर्षांचे मेल शोधायला बसलात तर हाती अर्धेच लागतील.

म्हणून वादाची चाहूल लागली त्याच दिवशी पुसापुशी थांबवा. हिशेबनीस, विक्रीची माणसे, स्टोअर आणि कॉम्प्युटर सांभाळणारा अशा सगळ्यांना एकच मेल पाठवा: अमुक गिऱ्हाईक, अमुक तारखेपासूनचे काहीही डिलीट करायचे नाही. जीमेलची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते. नोकरी सोडून गेलेल्याचे गूगल वर्कस्पेस खाते डिलीट केले, तर ते परत मिळवायला जेमतेम २० दिवस असतात. त्यापेक्षा खाते नुसते बंद ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू असतील तर ती सोय बंद करा. गेटवरच्या कॅमेऱ्यात माल चढवताना दिसत असेल तर तो भाग आजच काढून घ्या. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंगचे यंत्र, जुने पुसून त्यावरच नवे लिहितो.

आता नकला. मेल फॉरवर्ड करू नका, फॉरवर्ड म्हणजे नवा मेल. मूळ मेल जसाच्या तसा ठेवणारी ईएमएल (.eml) फाइल म्हणून उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट मदतीला ठीक, पण कापताना नंबर किंवा तारीख हमखास जाते. पूर्ण चॅट फोटोंसह एक्स्पोर्ट करा आणि पहिल्या मेसेजची तारीख तपासा, कारण एक्स्पोर्टला मेसेजसंख्येची मर्यादा असते आणि लांबलचक ग्रुपची सुरुवात गळून जाते. विक्रीवाल्याचा फोन फॉरमॅट करायचा नाही, एक्स्चेंजमध्येही द्यायचा नाही. एक्सेल फाइल उघडण्याआधी नक्कल करा. आत 'आजची तारीख' देणारे सूत्र असेल तर जुन्या कोटेशनवर आजची तारीख दिसते.

हिशेबात सगळ्यात महाग पडते ती मागच्या तारखेची 'दुरुस्ती'. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे आहे, त्यामुळे कोणी, कधी आकडा फिरवला ते दिसतेच. चूक खरी असेल तर आजच्या तारखेचे वेगळे व्हाउचर करा.

मग प्रत्येक फाइलचा हॅश काढा. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा कोड. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चे, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे प्रमाणपत्र दोन भागांचे आहे: एकावर उपकरण किंवा ते काम सांभाळणाऱ्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, दोन्हींत हॅश लिहावा लागतो. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये तो काढायची आज्ञा आहे. एसएचए-२५६ या प्रकारचा हॅश ६४ अक्षरे-आकड्यांचा येतो. फाइलचे नाव बदलले तरी हॅश तोच राहतो. उघडून सेव्ह केली की बदलतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपने फोटोचा आकार कमी करून पाठवला तरी बदलतो. म्हणून वकिलांकडे फाइल हार्ड डिस्कवरच द्या, आणि सोबत एक तक्ता: फाइल, कुठून घेतली, कोणी, कधी, हॅश.

प्रमाणपत्राला हलके घेऊ नका. जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर वि. कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, आधीच्या साक्ष्य कायद्याच्या कलम ६५ब खाली, मूळ उपकरण हजर केले नसेल तर प्रमाणपत्र लागतेच असे ठरवले. तिथे वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिले नव्हते, म्हणून सूट मिळाली. तेव्हा रेकॉर्ड ट्रान्सपोर्टवाल्याकडे असेल तर प्रमाणपत्र लेखी मागा आणि पोच ठेवा.

दस्तांबरोबरच्या शपथेवरच्या निवेदनात मेल आयडी कोणाचा, तो कोणाच्या ताब्यात, कोण उघडू शकतो, हेही द्यावे लागते. 'सेल्स' नावाचा एकच आयडी पाचजण वापरत असतील तर कोणी, कधीपासून कधीपर्यंत, ते आजच लिहून काढा आणि पासवर्ड बदलून एकाच्या हाती द्या.