तारीख एक दिवस मागे जाते तेव्हा

हिंजवडी किंवा खराडीत बसून परदेशी ग्राहकांचे काम करणाऱ्या टीमकडे कधी ना कधी ही तक्रार येतेच: अर्जात जन्मतारीख १५ मे भरली, पण अहवालात १४ मे दिसते. डेव्हलपरच्या लॅपटॉपवर मात्र सारे सुरळीत असते, आणि ‘माझ्याकडे चालते’ असा शेरा मारून टिकिट (तक्रारीची नोंद) टेस्टरकडे परत जाते. हा शेरा मारण्याआधी पुढील तपासणी अवश्य करावी.

प्रथम डेटाबेसमधील मूळ नोंद पाहावी. तेथे १४ तारीख आणि १८:३० ही वेळ आढळली, तर कारण सापडले. भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक समन्वित वेळेच्या, ५ तास ३० मिनिटे पुढे असल्यामुळे पुण्यातील मध्यरात्र यूटीसीनुसार आदल्या दिवशीच्या सायंकाळी साडेसहाला येते. अहवाल यूटीसीनुसार वाचला गेला की १४ तारीख दिसते; लॅपटॉप मात्र लिहिताना आणि वाचताना एकच प्रमाणवेळ वापरतो, म्हणून तेथे चूक झाकली जाते. लॅपटॉपचे घड्याळ न बदलता, टर्मिनलमध्ये प्रमाणवेळ ठरवणाऱ्या ‘टीझेड’ या व्हेरिएबलला यूटीसी हे मूल्य देऊन प्रोग्राम चालवला, की बहुतेक वेळा तीच चूक डोळ्यांसमोर उभी राहते.

दुरुस्ती करताना कोडमध्ये कोठेतरी साडेपाच तास मिळवण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा, कारण त्यामुळे न्यूयॉर्कमधील वापरकर्त्याच्या तारखा बिघडू शकतात. जन्मतारीख हा काळातील एखादा क्षण नव्हे, त्यामुळे तिला वेळ जोडूच नये. डेटाबेसमध्ये केवळ तारखेचा प्रकार वापरावा आणि जावा या प्रोग्रामिंग भाषेत, २०१४ साली आठव्या आवृत्तीत आलेला, वेळेविना फक्त तारीख ठेवणारा ‘लोकलडेट’ वापरावा. पैसे भरल्याची वेळ हा मात्र खरोखरच क्षण आहे. तो यूटीसीमध्ये साठवून दाखवतानाच स्थानिक वेळेत बदलावा.

सर्वांत जोखमीचे काम आहे ते आधीच बिघडलेल्या नोंदी सुधारण्याचे. सर्व तारखा सरसकट एक दिवस पुढे ढकलणारी क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) चालवू नये. न्यूयॉर्कमधील मध्यरात्र यूटीसीत उन्हाळ्यात ०४:०० आणि हिवाळ्यात ०५:०० अशी त्याच तारखेला पडते, म्हणजे त्या नोंदींतील तारीख मुळातच बरोबर असते. बॅकअप घेऊन फक्त भारतीय मध्यरात्रीच्या नोंदी वेगळ्या काढाव्यात. त्यातही ज्येष्ठ नागरिकांकडे विशेष लक्ष द्यावे: दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात, भारतातील घड्याळे एक तास पुढे होती, त्यामुळे त्या काळातील जन्मतारखा १८:३० ऐवजी १७:३० अशा साठलेल्या असू शकतात आणि १८:३० शोधणाऱ्या क्वेरीतून निसटतात.

शेवटी स्वयंचलित चाचण्या यूटीसी, पुणे आणि न्यूयॉर्क अशा तिन्ही प्रमाणवेळांत चालतील अशी व्यवस्था बिल्डमध्येच (कोडपासून प्रोग्राम तयार होण्याच्या प्रक्रियेतच) करावी, आणि १९४३ सालची एक जन्मतारीख त्या चाचण्यांत कायमची ठेवावी.