तलावाच्या काठावरून पाण्याची पारदर्शकता कशी मोजावी

पुण्यातील पाषाण किंवा कात्रज तलावाच्या पाण्याचा गढूळपणा नियमित नोंदवण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. इटालियन शास्त्रज्ञ अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरलेली तबकडी आजही जगभर प्रचलित आहे. गोड्या पाण्यासाठी ती २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतुर्थांशांची असते; ती पाण्यात सोडून किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजतात. मात्र काठाजवळच्या उथळ पाण्यात ती दिसेनाशी होण्याआधीच तळाला टेकते आणि मोजमाप निरुपयोगी ठरते. म्हणून काठासाठी तळाशी काळी-पांढरी खूण आणि बाजूला सेंटिमीटरच्या रेघा असलेली पारदर्शक नळी घ्यावी.

पाण्यात उतरून गाळ ढवळू नये. जलपर्णी आणि तवंग बाजूला सारून, लांब दांड्याला बांधलेल्या बादलीने नमुना घ्यावा. तो हलवून लगेच नळीत भरावा, कारण गाळ खाली बसला की पाणी आहे त्याहून स्वच्छ भासते. सूर्याकडे पाठ करून नळी स्वतःच्या सावलीत उभी धरावी, गॉगल काढावा आणि वरून पाहत, खूण नेमकी दिसू लागेपर्यंत तळाच्या तोटीतून पाणी हळूहळू सोडावे. त्या क्षणी उरलेल्या पाण्याची उंची हेच आपले मोजमाप.

ठिकाण आणि वेळ दर खेपेस तीच ठेवावी. पावसाळ्यात रामनदीतून पाषाण तलावात माती येते, तर उन्हाळ्यातला हिरवा गढूळपणा बहुधा शेवाळाचा असतो; म्हणून आकड्यासोबत रंग, वास आणि आदल्या दिवशीचा पाऊस लिहावा, असा माझा विशेष आग्रह आहे. विरघळलेले सांडपाणी या नळीला दिसत नाही, हेही ध्यानात ठेवावे. भरलेल्या नळीतही खूण स्पष्ट दिसत असेल, तर ‘नळीच्या लांबीपेक्षा अधिक’ अशी नोंद करावी.